तांबूला धाप लागली होती आणि आम्ही नऊ दिवस गळ्यातच शोधत बसलो

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. आमच्या तांबूला धाप लागायला लागली तेव्हापासून खरं कारण कळेपर्यंत नऊ दिवस गेले, त्या नऊ दिवसांत आम्ही काय काय बघितलं आणि कुठे चुकलो ते सगळं सविस्तर लिहून ठेवतीये. कारण त्या वेळी मी मराठीत शोधत होते तर जे काही मिळालं ते पाचशे-हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीवाल्यांसाठी होतं, परसात चार-पाच कोंबड्या असणाऱ्याने एकच कोंबडी धापा टाकत असेल तर काय बघायचं हे कुठेच नीट सापडलं नाही.

आम्ही पुण्यात धायरीत राहतो, रो हाऊस आहे, मागे थोडी जागा आहे, तिथे नवऱ्याने जाळी मारून खुराडं केलंय. पाच कोंबड्या. दोन गावरान, चंद्री आणि ठिपकी, सासूबाईंनी भोरहून आणलेल्या. एक कडकनाथ. आणि तांबू आणि लाली, या दोघी तपकिरी अंडी देणाऱ्या बीव्ही ३८० जातीच्या, पिल्लं असताना घेतलेल्या. तांबूला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तांबूकडे जायची, तीही मागे मागे यायची, एवढी माणसाळलेली.

संध्याकाळी कोंबड्या डालायला गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. बाकीच्या चौघी दांडीवर बसल्या होत्या आणि तांबू खाली कोपऱ्यात उभी, चोच जराशी उघडी, आणि श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होत होती. आवाज काहीच नाही. शिंक नाही, घरघर नाही, नाकातून पाणी नाही. उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून धापतात ते मी बघितलंय, पण त्या दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती, गारठा होता, म्हणजे उकाड्याचा प्रश्नच नव्हता. मोबाईलवर टायमर लावून श्वास मोजले. झोपेला आलेली लाली मिनिटाला २४, तांबू ५६. हे मोजणं मात्र मी पहिल्याच दिवशी केलं ते बरं झालं, कारण पुढे प्रत्येक औषधाचा उपयोग होतोय का नाही हे त्याच आकड्यावरून कळत होतं, नुसतं बघून "आज जरा बरी वाटतीये" असं रोजच वाटतं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं सर्दी असेल, पावसाळ्यात होतंच. लसूण ठेचून दे, पाण्यात हळद टाक." त्या भोरकडच्या, लहानपणापासून कोंबड्यांत वाढलेल्या, त्यामुळे मी लगेच केलं. दोन दिवस लसूण, हळद, रात्री तिला वेगळं टोपलीत घरात ठेवलं. आकडा ५४, ५८, ५५. काही फरक नाही.

तिसऱ्या दिवशी गावठाणातले तात्या आले. त्यांच्याकडे वीस-पंचवीस कोंबड्या कायम असतात. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "पोरी, मानमोडी असंल. बाकीच्यांना वाचव आता." मानमोडी म्हणजे रानीखेत. माझ्या पोटात गोळाच आला. पण मग शांतपणे बसून विचार केला. रानीखेतमध्ये हिरवी पातळ शिट होते, मान वळते, पाय लुळे पडतात, आणि मुख्य म्हणजे एकीला झाला की दोन-चार दिवसांत सगळ्या खुराड्यात पसरतो. तांबूची शिट बरी होती, मान सरळ होती, चौघी मजेत दाणे टिपत होत्या. शिवाय या दोघींना पिल्लं असताना डोळ्यात लासोटाचा, म्हणजे रानीखेतच्या लसीचा थेंब घातलेला, ही लस आपल्या औंधच्याच पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते, आणि पुढे आठव्या-नवव्या आठवड्यात इंजेक्शनचा डोसही झाला होता. तरी तात्यांचा सल्ला एका बाबतीत बरोबर होता, आजारी पक्षी वेगळा ठेवायचा, आधी निरोग्यांचं खाणंपिणं करायचं आणि शेवटी आजाऱ्याकडे जायचं, हात-चपला धुवायच्या. ते आम्ही पाळलं.

शेजारच्या काकू तेवढ्यात बर्ड फ्लूचं बोलून गेल्या. त्यांची भीती मला समजते, २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते बातम्यांत सगळ्यांनी बघितलंय. पण त्यात धडाधड मरतात, एकच कोंबडी चार दिवस धापत बसत नाही. हां, जर कधी एका रात्रीत दोन-तीन दगावल्या तर मात्र हात न लावता, न कापता, सरळ पशुसंवर्धन विभागाला कळवायचं, १९६२ हा नंबर आहे, यात लपवाछपवी करू नये कुणी.

मग मी आजूबाजूचं बघायला लागले. खुराड्यात भाताच्या तुसाची गादी होती. पावसात एका बाजूने पत्र्यातून पाणी ठिबकत होतं आणि तो कोपरा ओला झाला होता. मी गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घेतला, कारण अमोनिया खालच्या ओल्या तुसातून निघतो आणि आपण उभ्याने वास घेतला तर नीट कळत नाही. डोळे चुरचुरले नाहीत पण कुबट, बुरशीचा वास होता. तूस उकरलं तर खाली पांढुरकी बुरशी धरलेली. मला वाटलं सापडलं! बुरशीचे कण श्वासात जाऊन फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत वाढतात, आणि त्यात असंच होतं, आवाज न करता नुसती चोच उघडून धाप, आणि एकाच पक्ष्याला होऊ शकतं. सगळं जुळत होतं. शनिवारी भर पावसात नवऱ्याने आणि मी सगळं तूस काढलं, फरशी घासली, चुना मारला, पत्रा नीट केला, नवीन कोरडं तूस टाकलं. खाद्याचं पोतंही बघितलं, खालचे दोन-तीन किलो गोळे झालेले होते ते फेकले. हे सगळं करायलाच हवं होतं, ते उशिरा केलं याची मला लाज वाटते. पण तांबूचा आकडा रविवारी ६०.

दरम्यान मी डॉक्टरांचा शोध चालू केला होता. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण कोंबडी म्हटलं की "आम्ही पोल्ट्री बघत नाही" हे तीन ठिकाणी फोनवरच ऐकलं. एका दवाखान्यात घेऊन या म्हणाले. गेलो. तिथे टोपलीत वाकून बघितलं, हात लावला नाही, "श्वसनाचं इन्फेक्शन आहे" म्हणाले आणि पाण्यातून द्यायची अँटीबायोटिकची पावडर दिली, पाच दिवस. मी विचारलं अंड्यांचं काय, तर म्हणाले खा काही होत नाही. हे चुकीचं आहे, अँटीबायोटिक चालू असताना आणि बंद केल्यावरही ठरावीक दिवस त्या कोंबडीची अंडी खायची नसतात, आणि काही औषधं तर अंड्यावरच्या कोंबड्यांना द्यायचीच नसतात. तांबू तशी अंडी देतच नव्हती हा भाग वेगळा. आणि इथेच मी अडखळायला हवं होतं. दोन महिने तिने अंडं दिलं नव्हतं. मी धरून चालले होते की वय झालं, पिसं गाळायला घेतली असतील. त्याच्या आधी दोन-तीनदा खुराड्यात बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं सापडलं होतं, आणि एकदा पिवळट रबरासारखा तुकडा. मी कॅल्शियम कमी पडतंय म्हणून शिंपल्यांचा चुरा वाढवला आणि विसरून गेले.

पावडरीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाईंनी तिची चोच उघडून बॅटरीने आत बघितलं. त्यांनी तिला मांडीवर धरलं, मी एका हाताने चोच उघडली, लेकीने बॅटरी धरली. कोंबडीच्या जिभेच्या मागे श्वासाचं बारीक भोक असतं, उघडतं-मिटतं ते स्पष्ट दिसतं. मला तिथे पिवळट पापुद्रे शोधायचे होते, कारण पावसाळ्यात डासांमुळे कोंबड्यांना देवी येतात आणि त्याचा एक प्रकार तोंडात-घशात होतो, त्या खपल्यांनी श्वास कोंडतो. तुऱ्यावर मात्र कुठेच फोड नव्हते. आत सगळं गुलाबी, स्वच्छ. श्वासनलिकेत लाल कृमी होतात त्यात कोंबडी मान लांब करून जांभई दिल्यासारखी आ करते आणि डोकं झटकते, तसंही काही नव्हतं. तोंडाला वास नाही, तोंड सुजलेलं नाही, डोळ्यात फेस नाही, म्हणजे सर्दीचे जे जिवाणूंचे प्रकार असतात त्यातलंही काही दिसत नव्हतं. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी चाचपली, रिकामी, म्हणजे अन्न पुढे सरकत होतं.

एकच गोष्ट नवीन दिसली, तुऱ्याची टोकं जांभळट झाली होती.

मी वजनही केलं होतं, किचनच्या काट्यावर पातेलं ठेवून. १ किलो ९०० ग्रॅम. उन्हाळ्यात केलं होतं तेव्हा १ किलो ८५० होतं. वजन घटलं नाही, उलट वाढलंय, म्हणून मी जरा निर्धास्त झाले. आज मला वाटतं की सगळ्यात मोठा पुरावा तोच होता आणि मी तो उलटा वाचला.

नवव्या दिवशी ओळखीतून एका डॉक्टरांचा पत्ता मिळाला, सोलापूर रोडला, पूर्वी बरीच वर्षं पोल्ट्रीत काम केलेले. सिंहगड रोडवरून तिकडे जायला त्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास लागला, मी टोपली मांडीवर घेऊन मागे बसले होते आणि तिची धाप माझ्या पोटाला जाणवत होती. आत गेल्यावर मी टोपलीतून काढताना तिला जरा आडवी केली तर डॉक्टर पटकन म्हणाले, "ताई, उताणी नका करू, श्वास कोंडेल, उभीच राहू द्या." मग त्यांनी तिला टेबलावर उभी केली आणि एक मिनिट नुसतं बघत राहिले. म्हणाले, "उभी कशी राहतीये बघा." आणि मला तेव्हा दिसलं, ती मागे रेलून, पाय फाकवून उभी होती, शेपटी खाली, एखाद्या नऊ महिन्यांच्या बाईसारखी. आम्ही तिला रोज बघतो म्हणून हे हळूहळू झालेलं दिसलंच नाही, उलट लेक म्हणायची तांबू जाडी झाली.

डॉक्टरांनी मागून दोन पायांच्या मधे तळहात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागलं. एका बाजूला टिचकी मारली की दुसऱ्या बाजूला लहर. मग त्यांनी माझी बोटं छातीवर नेली, मधलं हाड सुरीसारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. "मांस गेलं, त्याच्या जागी पाणी आलं, म्हणून काट्यावर काही कळलं नाही," असं ते म्हणाले. नऊ दिवस मी तिच्या नाकात, घशात, खुराड्याच्या हवेत शोधत होते आणि रोग पोटात होता.

त्यांनी समजावलं ते मी जसं समजलं तसं सांगते. आपल्या छाती आणि पोटाच्या मधे स्नायूचा पडदा असतो, कोंबडीला तो नसतो. तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली, फुगत नाहीत, हवा खेळवायचं काम हवेच्या पिशव्या करतात, अशा ९ पिशव्या असतात आणि त्यातल्या काही पार पोटात गेलेल्या असतात. छातीचं हाड आणि बरगड्या हलतात तेव्हा या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात. आता पोटातच पाणी साठलं तर पिशव्यांना पसरायला जागा उरत नाही. फुप्फुस निरोगी असूनही जीव गुदमरतो. म्हणूनच आवाज नव्हता, कफ नव्हता, आणि म्हणूनच बाकीच्या चौघींना काही झालं नव्हतं, कारण हे लागण होणारं नव्हतंच.

मग सुई. कुशीत खालच्या अंगाला पिसं बाजूला करून, स्पिरिट लावून, जाड सुई घातली आणि सिरिंजने हळूहळू पाणी ओढलं. पिवळसर, पातळ, आणि त्यात शिजलेल्या बलकासारखे बारीक कण. साधारण १८० मिली काढलं आणि थांबले. मी म्हटलं सगळं काढा ना. म्हणाले नाही, एकदम दाब कमी झाला तर धक्का बसून जाते. हे घरी करायचं मनातही आणू नका असंही बजावलं, आतडं किंवा मोठी रक्तवाहिनी लागली तर संपलं.

पुढच्या दहा मिनिटांत जे बघितलं ते मी विसरणार नाही. तांबूने चोच मिटली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. तुऱ्याचा जांभळा रंग हळूहळू उतरला. येताना गाडीत मी श्वास मोजले, ३६. रात्री २८. त्या रात्री ती टोपलीच्या कडेवर चढून बसली, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवघरातून उठून येऊन तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

कारण विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते दोन शक्यता, एक तर बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडत राहिला आणि त्याने आत सूज आली, नाहीतर अंडाशयात गाठ. दोन्ही या जातीच्या, वय झालेल्या कोंबड्यांत नेहमीचं. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते, मग खुडूक बसते, शरीराला विश्रांती मिळते. या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात, विश्रांती नाही. मोठ्या पोल्ट्रीत त्यांना दीड वर्षाच्या आसपास काढून टाकतात, म्हणून तिसऱ्या वर्षात त्यांना काय होतं हे तिथे फारसं कुणी बघतच नाही. सासूबाईंना आणि तात्यांनाही हे माहीत नव्हतं त्याचं कारण हेच, त्यांचा सगळा अनुभव गावरान कोंबड्यांचा, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण पुण्यात आता हौसेने परसात कोंबड्या पाळणारे बरेच जण याच जाती घेतात, रोज अंडं मिळतं म्हणून. मीही त्यासाठीच घेतल्या होत्या.

डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं, अँटीबायोटिक बदलून दिलं, आणि स्पष्ट सांगितलं की पाणी परत भरणार, बरी होणार नाही, पण जेवढे दिवस मिळतील ते सुखाचे जातील. तिला आखडून, दोन्ही हातांनी छाती दाबून उचलायचं नाही, खालून आधार द्यायचा. दांडी खाली आणली, हातभर उंचीवर. बारा दिवसांनी आकडा परत ४८ झाला, परत गेलो. मग दहा दिवसांनी. गणपतीत ती चांगली होती, मागे माती उकरून अंग घुसळायची, लेकीने तिला मोदकाची उकड भरवली. चौथ्या वेळी न्यायचं ठरवलं होतं, पण घटस्थापनेच्या चार दिवस आधी सकाळी टोपलीत गेलेली दिसली. पहिल्यांदा पाणी काढलं त्यानंतर साडेसहा आठवडे.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, गेली तर फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठल्यावर आतलं नीट दिसत नाही, पिशवीत घालून बर्फावर ठेवून आणा. लेकीची परवानगी घेतली, ती हो म्हणाली, "म्हणजे लालीला होणार का ते कळेल." उघडल्यावर अंडाशयाच्या जागी द्राक्षांच्या घडासारख्या घट्ट गाठी होत्या, आणि आतड्यांवरही बारीक बारीक दाणे पसरलेले. उघड्या डोळ्यांनी दिसतं त्यावरून अंडाशयाचा कॅन्सर, म्हणाले. फुप्फुसं दाखवली, गुलाबी, एकही डाग नाही. कोंबड्यांत हा कॅन्सर इतका आपोआप होतो की माणसांतल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी कोंबड्या वापरतात, हे मला तिथेच कळलं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ती वाचली असती का, हे मी विचारलं. नाही म्हणाले. पण ते नऊ दिवस ती गुदमरली नसती.

आता दर रविवारी संध्याकाळी कोंबड्या डालायच्या आधी चौघींना एकेक करून हातात घेते. आधी छातीचं हाड, मग पायांच्या मधे तळहात. लेक वहीत लिहिते. काल लालीचं वजन १ किलो ७५०, हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं, पोट मऊ. सोमवारपासून अंडं दिलेलं नाही, ते मात्र लक्षात ठेवलंय.